ऊन काय खाते?

गेल्या भाऊबीजेला ताईकडे निघालो तेव्हा माझ्या पिशवीत करंज्यांचा डबा होता, ताईसाठी साडी होती आणि हजार नंबरच्या वॉटरपेपरचे बारा ताव होते. आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीत डोकावून विचारले, "हे काय ओवाळणीत घालणार?" मी काही बोललो नाही. बहिणीकडे घासकागद घेऊन जाणारा भाऊ साऱ्या लोकलमध्ये माझ्याखेरीज दुसरा नसावा, हे मला मनातून मान्य होते.

कागद ताईने मागवले नव्हते, भाच्याने मागवले होते. दोन दिवस आधी त्याचा फोन आला. "मामा, हजार नंबरचा पेपर आणाच. इथे हायवेवर एकशेवीसच्या वर काही मिळत नाही. आणि आईला सांगू नका."

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेला गृहस्थ आहे. त्यामुळे नातलगांच्या घरी भिंतीला पोपडे आले, कपाटाचे पॉलिश चिकटू लागले, की पहिली आठवण माझी होते. सणावारी लोक जावयाला बोलावतात, मला भिंत दाखवायला बोलावतात. पण "आईला सांगू नका" हे शब्द मात्र नवे होते. डोंबिवलीहून कसारा गाडीत बसलो तो तेच डोक्यात घोळवीत.

कसारा म्हणजे नाशिकच्या बाजूला मुंबईच्या लोकलचे शेवटचे स्टेशन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२१ किलोमीटर. त्यापुढे थळ घाट लागतो. ही घाटातली लोहमार्गाची वाट १८६५ साली खुली झाली. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे, असा तिचा चढ आहे. म्हणून इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून ढकलणारी इंजिने जोडतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. आमच्या दाजींची सारी नोकरी या बँकरवर गेली. निवृत्तीनंतर त्यांनी कसाऱ्यातच घर बांधले, कारण इंजिनाची शिटी ऐकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

घरी पोहोचलो तो भाचा अंगणातच उभा. मला आत जाऊ न देता तो परसदारी घेऊन गेला आणि त्याने एका गोणपाटाखालून ती वस्तू काढली.

वस्तू म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरचे बॉनेट. भाचा अलिबागच्या बाजूला एका समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना जेट स्कीवरून फिरवून आणतो. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, दिवाळीच्या सुट्टीत हंगाम जोर धरतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एका मित्राच्या भागीदारीत जुनी स्कूटर विकत घेतली. त्यासाठी ताईच्या दोन पाटल्या गहाण पडल्या, हे मला ठाऊक होते. या स्कूटरचे अंग साधारणपणे काचतंतूंचे असते. पण पहिल्या मालकाने हौसेने तिला कार्बन फायबरचे बॉनेट बसवले होते. काळ्याभोर रंगात विणलेल्या चटईसारखी नक्षी, वर काचेसारखी झिलई. "माणसे गर्दीतून आमच्याच स्कूटरकडे येतात, मामा. फोटो काढतात."

आता मात्र त्या बॉनेटचा फोटो काढावा असे कुणालाही वाटले नसते. झिलई गेली होती. काळ्यावर पिवळट, दुधी छटा आली होती. मधोमध पापुद्रे सुटले होते. हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागे. आणि एका बाजूला तळहाताएवढ्या जागेत नक्षीच्या धाग्यांची टोके उघडी पडली होती.

"हे ऊन नव्हे," मी म्हणालो. "हे तू."

भाच्याने मान खाली घातली. एकशेवीस नंबरच्या कोरड्या कागदाने त्याने ते घासायला घेतले होते. दोन दिवस हात खाजत होते, तेव्हा कुठे तो थांबला. नव्या बॉनेटची किंमत त्याने दाजींना सांगितली तेव्हा दाजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आईला अजून काहीच माहीत नव्हते.

"पण मामा, कार्बन फायबरची विमाने करतात. त्याला उन्हाने काय होणार?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. चार माणसे असेच समजतात, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देतो.

कार्बन फायबर म्हणतो ती वस्तू एक नसते, दोन असतात. एक कार्बनच्या धाग्यांचे कापड आणि दुसरे ते कापड ज्यात भिजवून घट्ट केलेले असते ते राळेसारखे द्रव्य, बहुधा इपॉक्सी. धागा फार बळकट, पण नुसते कापड म्हणजे शेवटी कापडच. घडी घालाल तर घडी होईल. त्याला आकार देते, धाग्याला धागा धरून ठेवते ते इपॉक्सी. सिमेंटशिवाय सळई आणि खळीशिवाय टोपी उभी राहत नाही, तसेच हे.

आता ऊन. सूर्याच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. आमच्या वेळी त्यांना जंबुपार म्हणत, आताची मुले अतिनील म्हणतात. त्यांतले सर्वांत घातक किरण वर ओझोनच्या थरात अडतात. उरलेले खाली येतात ते त्वचा रापवायला, पडदे विटवायला आणि रंग उडवायला पुरेसे असतात. कार्बनच्या धाग्याचे ते फारसे काही बिघडवू शकत नाहीत. इपॉक्सीचे मात्र त्यांच्याशी पक्के वाकडे आहे. इपॉक्सी हे किरण शोषून घेते, त्यातले रासायनिक दुवे तुटतात, हवेतला प्राणवायू त्यांत शिरतो. आधी झिलई जाते, मग पिवळेपणा येतो, मग भुकटी सुटते, मग बारीक चिरा पडतात. समुद्राचे पाणी चिरांत शिरते; वस्तू काळी म्हणून दुपारी ताव्यासारखी तापते, रात्री निवते, आणि चिरा रुंदावतात. म्हणून चांगला कारागीर इपॉक्सीवर उन्हाला टिकणाऱ्या पारदर्शक वार्निशाचा हात देतो. तो हात झिजला की खालचे इपॉक्सी उघड्यावर पडते. विमानाचे म्हणशील, तर विमान रंगवलेले असते. तिथे नक्षी दाखवायची हौस कुणाला नसते.

"पण ते काळे आहे ना?" भाचा हट्टाला पेटला. "काळी वस्तू उन्हात टिकते असे तुम्हीच सांगितले होते. आईच्या पिंपाच्या वेळी."

खरेच, सांगितले होते. ते पिंपाचे प्रकरणही इथे सांगितले पाहिजे, कारण बॉनेट फुटले तर एका पोराचा हंगाम बुडतो. पण पिंप फुटले तर काय होते ते शहरात बसून कळत नाही.

शहापूर तालुक्यात मुंबईचे पाणी साठते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. भातसाही याच तालुक्यातले. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या घरात नळ सोडला की जे पाणी येते, त्याच्या उगमापाशी राहणारी बाई दोन हंड्यांसाठी उन्हात उभी असते. ताईच्या घरी तितकी वेळ येत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत पाणी भरून ठेवल्याशिवाय तिचे भागत नाही. त्यासाठी अंगणात दोनशे लिटरचे निळे प्लॅस्टिकचे पिंप होते. सात उन्हाळे ते तिथेच उभे होते. परवाच्या नव्हे, त्याआधीच्या एप्रिलमध्ये एका रात्री ताईने ते काठोकाठ भरले आणि पहाटे ते कुशीत उभे फाटले. सारे पाणी अंगणातून रस्त्यावर गेले. दाजी सांगत होते, ताई अर्धा तास कुणाशी बोलली नाही. नंतर उठली आणि उरलेल्या ओल्या मातीत तिने तुळशीची कुंडी ओढून ठेवली.

पिंप जुने झाले म्हणून फुटले असे सगळे म्हणाले. पण सावलीत ठेवलेले तसेच पिंप कितीतरी अधिक टिकले असते. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या; उन्हाने त्या तुटून आखूड होतात. लवचीकपणा जातो, ठिसूळपणा येतो. वरून नुसता रंग फिका दिसतो, आणि भार पडला की एका क्षणी फाटते. त्या वेळी मी ताईला सांगितले होते, की टाकी घ्यायची तर उन्हासाठी केलेली काळी घे. त्या काळ्या रंगात काजळी असते, शंभर भागांत दोन-अडीच भाग. दिवाळीत पणतीवर झाकण धरून आपल्या आया काजळ पाडीत, त्याच जातीची ही वस्तू. काजळी अतिनील किरण स्वतः गिळते आणि प्लॅस्टिकला वाचवते.

भाच्याने तेवढेच लक्षात ठेवले होते. काळे ते टिकते.

"अरे, टाकीत काजळी कुठे असते?" मी विचारले.

"प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली."

"म्हणजे अंगभर. आणि तुझ्या बॉनेटमध्ये काळेपणा कुठे आहे?"

तो जरा थांबला. मग पापुद्रा नखाने उचलून त्याने पाहिले. पापुद्रा पारदर्शक होता. "खाली," तो म्हणाला.

तेवढीच सगळी गोष्ट आहे. छत्री डोक्यावर धरली तर उपयोग. पायाखाली अंथरली तर नाही. कार्बन तोच, काळेपणा तोच. पण बॉनेटमध्ये तो काचेसारख्या थराच्या खाली झोपलेला. वरच्या थराला त्याचा आधार शून्य, उलट तो तापवतो तेवढा ताप.

एवढ्यात ताई बाहेर आली. तिने बॉनेट पाहिले, भाच्याचे खाजवलेले हात पाहिले, माझ्या हातातले कागद पाहिले. तिला फारसे सांगावे लागले नाही. "म्हणजे पाटल्यांचा रंग उडाला," एवढेच म्हणाली आणि आम्हाला ओवाळायच्या पाटाकडे घेऊन गेली.

ओवाळून घेताना माझी नजर घराच्या दाराकडे गेली, आणि मला भाच्याला बोलण्याचा फारसा अधिकार नाही हे आठवले. दार सागाचे, पश्चिमेकडे तोंड असलेले. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या ऐटीत मीच त्याला वार्निश लावून दिले होते. घरात फर्निचरला लावायचे वार्निश हाताशी होते, तेच लावले. एका वर्षात ते पिवळे पडले, दुसऱ्या वर्षी सोलले, आणि आता दार राखाडी झाले आहे. लाकडाचीही तीच कथा. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन असते. ऊन लिग्निन खाते, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे धाग्यांची राखाडी लव उरते. ज्याने धरून ठेवायचे तेच आधी जाते. तीस वर्षे कारखान्याच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून पंचेचाळीस अंशांत मांडलेल्या रंगाच्या पट्ट्या मी तपासल्या. उन्हात कोणता रंग किती टिकतो याच्या वह्या भरल्या. आणि सख्ख्या बहिणीच्या दाराला चुकीचे वार्निश लावले. ताईने आजवर याबद्दल एक अक्षर काढलेले नाही. ही तिची रीत.

जेवणानंतर आम्ही दोघे कामाला बसलो. दाजी खुर्चीवरून देखरेख करीत होते.

पहिले काम बॉनेट आतून शाबूत आहे की नाही हे पाहण्याचे. भाच्याकडून एक रुपयाचे नाणे घेतले आणि साऱ्या पृष्ठभागावर बोटभर अंतराने टक्‌टक् करीत गेलो. आवाज खणखणीत आला तर थर चिकटलेले आहेत. बद्द आला तर आत सुटलेले आहेत. दाजींना हे फार आवडले, कारण रेल्वेतही चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत होती. सगळीकडे नाणे खणखणले. फक्त एका बिजागरीपाशी आवाज बसका आला. तिथला अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा पांढरा पडून फुगला होता. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले, की धातू कुरतडला जातो. मधे न भिजणारा तुकडा घालावा लागतो. तेवढा भाग कापून नव्याने भरायचा ठरला. बॉनेट वाचणार होते.

मग गोडे पाणी आणि साधा साबण. मीठ कोरडेच पुसू नये. त्याचे खडे काचकागदासारखे ओरखडे पाडतात. नंतर खराब झालेला पारदर्शक थर पाण्याखाली हलक्या हाताने घासायचा. इथे एक खूण पक्की लक्षात ठेवावी. घासताना पाणी पांढरे, दुधी येत असेल तोवर वार्निश आणि राळ निघते आहे. काळे येऊ लागले की थांबावे, आपण धाग्याला हात घातला. ती भुकटी कोरडी उडू देऊ नये. हात खाजतात ते तर खाजतातच, श्वासातूनही ती आत जाऊ नये. जिथे भाच्याने धागे उघडे पाडले होते, तिथे आधी इपॉक्सीचा हात देऊन, आळल्यावर सपाट करून, मगच वरचे वार्निश.

ते वार्निश मात्र मी घरी लावू दिले नाही. उन्हात न पिवळणारे दोन डब्यांचे पीयू क्लिअर यासाठी लागते. पण त्याचा हार्डनर फवारताना फुप्फुसाला वाईट. साधा रुमाल बांधून ते करायचे काम नव्हे. हायवेवर मोटारी रंगवणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे योग्य मुखवटा आणि बंद खोली आहे. त्याने तीन पातळ हात दिले. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, हे त्यानेच मला सांगितले. मी कारखान्यात होतो हे त्याला सांगितले नाही.

संध्याकाळी भाच्याने विचारले, "आता किती वर्षे टिकेल?"

"ते वार्निशवर नाही, तुझ्यावर आहे," मी म्हणालो. "दिवसभर गिऱ्हाईक नसताना स्कूटर कुठे असते?"

"वाळूवर. उन्हात. लोकांना दिसायला नको?"

कोकणातले नाखवे पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, लाकडाला माशाचे तेल चोपडतात. ते काही हौसेखातर नव्हे. होडी पाण्यात झिजते त्याहून किनाऱ्यावर अधिक झिजते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भाच्याची स्कूटर दिवसातून फार तर तीन-चार तास पाण्यात असते. उरलेला वेळ ती नुसती ऊन खाते, किंवा खरे म्हणजे ऊन तिला खाते. चार बांबू आणि झापांचे छप्पर केले तर त्याला वार्निशापेक्षा कमी खर्च येईल. शिवाय हवा खेळेल असे कापडी आच्छादन, रोज गोड्या पाण्याची आंघोळ, अधूनमधून मेणाचा हात, आणि दर हंगामाच्या आधी बोट फिरवून पाहणे. बोटाला भुकटी लागली की समजावे, वरचा हात संपत आला. खालच्यापर्यंत पोहोचण्याआधी तो पुन्हा द्यावा.

शहरातल्या वाचकांपैकी फार थोड्यांकडे जेट स्की असेल. पण गॅलरीतले कपड्यांचे चिमटे दोन उन्हाळ्यांत कटकन मोडतात, दोरी हातात कुसकरते, खिडकीशी ठेवलेल्या कोचाची एकच बाजू विटते. या सगळ्यांचा चोर एकच. काचेवर विसंबू नका. साधी काच काही किरण अडवते, बरेचसे आत सोडते. गच्चीवरची टाकी काळी असेल तरी तिचे नळ, झाकणे आणि पांढरे पाईप उन्हापासून झाका. पिंप सावलीत ठेवा. आणि ज्यात पूर्वी रसायन होते असे पिंप पिण्याच्या पाण्याला वापरू नका. वार्निश घेताना डब्यावर बाहेरच्या कामासाठी असे लिहिले आहे का ते वाचा. मी वाचले नव्हते.

यंदा दसऱ्याला भाच्याचा फोन आला. बॉनेट काळेच आहे म्हणाला. किनाऱ्यावर छप्पर केले, तर शेजारचे दोघेही आपल्या स्कूटर्स दुपारी त्याखाली आणून लावू लागले. त्यांच्याकडून तो चहा घेतो. एक पाटली सुटली, दुसरी या हंगामात सुटेल असा हिशेब आहे. ताईच्या अंगणात काळी टाकी आली आणि दाजींनी तिच्यावर पत्र्याची छपरी घातली.

मग ताई फोनवर आली. म्हणाली, "भाऊबीजेला लवकर ये. आणि यंदा येताना कागद नको, वार्निश आण. दाराचे."